पिवळ्या पाटीचं घर : जुन्या मोटरहोमच्या एका सौद्याचं प्रकरण

मी नागपुरात मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. आपटलेल्या, जळालेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान किती झालं ते कागदावर मांडायचं, हा माझा धंदा. गाडी घेण्याआधी मला कोणी बोलावत नाही. लोक आधी घेतात, मग आपटतात, मग माझी भेट होते. हे प्रकरण त्याला अपवाद आहे, तोही अर्धाच, कारण मला फोन आला तेव्हा बयाणा देऊन झाला होता.

फोन वडिलांच्या मित्राचा. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतो. कोळसा खाणीतली नोकरी संपवून ते त्रिमूर्तीनगरात स्थिरावलेत. काकू शाळेत गणित शिकवायच्या, त्याही निवृत्त. मुलगी बंगळुरूला. दोघांना फिरायची भारी हौस, पण हॉटेलच्या चादरी आणि हॉटेलचा चहा या दोन गोष्टींवर काकूंचा राग. त्यातून मोटरहोमची कल्पना निघाली. वर्षातले ४ महिने गाडीतच राहायचं, समृद्धीवरून मुंबईकडे उतरायचं, तिथून कोकण, मग हळूहळू बंगळुरू.

"बस मिळाली रे," काका म्हणाले. "आतून बघशील तर वेडा होशील. ३२ लाख सांगतो आहे. एक लाख देऊन ठेवला, नाहीतर हैदराबादचा कोणी तरी नेणार होता."

मी विचारलं, चालली किती?

"फक्त ६८ हजार."

"मग बघायला हरकत नाही," मी म्हणालो. अकरा वर्षांच्या बसचं रीडिंग ६८ हजार असेल तर आधी संशय यायला हवा, हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं. तरी बोलून गेलो. पुढे तीन आठवडे काका हे वाक्य मला ऐकवत होते.

बस वाडीला, अमरावती रोडच्या आतल्या बाजूच्या एका यार्डात उभी होती. आजूबाजूला ट्रेलर, टायरवाले, वेल्डिंगवाले. त्या सगळ्या धुळीत ही पांढरीशुभ्र, काळ्या काचांची ११ मीटरची बस म्हणजे लग्नातल्या नवरदेवासारखी. दलालाने रिमोट दाबला आणि दार सुस्कारा टाकत उघडलं. बाहेर ४३ अंश, आत गारेगार. दोन चामडी रिक्लायनर, मोठा टीव्ही, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, मागे डबलबेड, काचेचं बाथरूम, आरशाभोवती पिवळ्या दिव्यांची माळ. काकूंनी नळ उघडून पाहिला. पाणी आलं. काकांच्या चेहऱ्यावर व्याही पसंत पडल्यासारखा आनंद.

मला खटकली ती दिव्यांची माळ. घरात असा आरसा कोण लावतं? तो मेकअपचा आरसा होता. ही मोटरहोम नव्हती, व्हॅनिटी व्हॅन होती. हैदराबादहून आली होती म्हटल्यावर उलगडा झाला. सिनेमाच्या सेटवर ही गाडी जाऊन उभी राहते, दिवसभर जनरेटर चालतो, संध्याकाळी परत. महिन्यात चालणार किती? म्हणून ६८ हजार.

मागच्या डिकीत १५ केव्हीएचा जनरेटर होता. त्याच्या पॅनेलवर तासांचं मीटर असतं. मी टॉर्च मारली तर ९,८०० तास. एवढ्या तासांत ताशी ४० च्या वेगाने गाडी चालली असती तर जवळजवळ चार लाख किलोमीटर झाले असते. या बसचं आयुष्य चाकांवर गेलंच नव्हतं, जनरेटरवर गेलं होतं. दलाल दाखवत होता किलोमीटर, आणि गाडीचं खरं वय लिहिलं होतं डिकीत, तेलकट काचेमागे.

व्हॅनिटी आणि मोटरहोम आतून सारख्याच दिसतात, पण एक उभं राहण्यासाठी बांधलेली असते आणि दुसरी चालण्यासाठी. या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक घोळ इथूनच निघाला.

कागद

बाहेर आलो आणि काकांना विचारलं, नंबरप्लेट बघितली?

"बघितली ना. तेलंगणाची आहे. एनओसी काढून देतो म्हणाला."

"रंग?"

काका गप्प. प्लेट पिवळी होती. पिवळी म्हणजे ट्रान्सपोर्ट, म्हणजे धंद्याची गाडी. काकांनी तीनदा बस पाहिली, प्रत्येक वेळी फोटो काढले, त्यातल्या निम्म्या फोटोंत ती पिवळी पाटी आहे. डोळे आतल्या सोफ्यावर असले की माणसाला पाटी दिसत नाही.

आरसी मागितली. दलालाने मोबाइलवर फोटो दाखवला. मी अस्सल आणायला सांगितली आणि तोवर परिवहन खात्याच्या पोर्टलवर नंबर टाकला. नोंदणी २०१४ ची. बॉडीचा प्रकार : बस. आसनं : ३५. आत प्रत्यक्षात ६. कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीचा बोजा अजून चढलेला. फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला, संपून सात महिने झालेले.

हे सगळं म्हणजे काय, ते काकांना यार्डातल्या चहाच्या टपरीवर समजावलं. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत कोणतं वाहन ट्रान्सपोर्ट आणि कोणतं नाही याची यादी आहे. कॅम्पर व्हॅन दोन्हीकडे आहे. खासगी वापराची असेल तर नॉन-ट्रान्सपोर्ट, भाड्याची असेल तर ट्रान्सपोर्ट. म्हणजे कायद्याला मोटरहोम माहीत आहे, तिच्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानकही आहे. पण ही बस त्या वाटेने आलेलीच नाही. ३५ सीटची बस म्हणून तिचं पासिंग झालं, २०१८ मध्ये कुठल्याशा गॅरेजमध्ये सीट काढून घर बसवलं, आणि आरसीला कोणी हात लावला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने जे मूळ बनवलं आणि आरसीवर जे लिहिलं त्यापेक्षा वेगळं वाहन परवानगीवाचून करायचं नाही.

"म्हणजे नावावर होणार नाही?" काकू.

नावावर करायची वाट लांबलचक. फायनान्सवाल्याकडून फॉर्म ३५ वर बोजा उतरवणं, परमिट जमा करणं, तेलंगणाच्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी, विक्रीचे २९ आणि ३०, इथे नवीन नंबरसाठी २७, महाराष्ट्राचा कर. हे सगळं कंटाळवाणं असलं तरी होतं. शहरात एमएच-३१ आणि एमएच-४९ ला रोज होत असतं. अडतं ते पुढे. इन्स्पेक्टर गाडी बघायला येईल, कागदावर ३५ सीट वाचेल आणि आत डबलबेड बघेल. बदल मंजूर कोणी केला, याचा कागद ना दलालाकडे, ना आधीच्या मालकाकडे.

दलालाचं उत्तर ठरलेलं. "सर, आपला एजंट आहे. सेटिंग होते."

माझ्या टेबलावर येणाऱ्या फाइलींमध्ये 'सेटिंग होते' या वाक्याने सुरू झालेल्या बऱ्याच असतात. समजा, एजंटने कसंतरी नावावर करून दिलं. विमा उतरेल ३५ सीटच्या बसचा. उद्या गाडी जळाली की माझ्यासारखा कोणी तरी जाणार, राखेत फ्रिज आणि गिझरचे सांगाडे बघणार आणि तेच लिहिणार. मग कंपनी विचारणार, आम्हाला बस सांगितली होती, हे काय आहे? दावा तिथेच लटकतो. त्या अहवालाची भाषा मला तोंडपाठ आहे, म्हणून सांगतो.

लायसन्सचा मुद्दा काकांनी हसण्यावारी नेला होता. त्यांचं लायसन्स कारचं, एलएमव्ही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं की एलएमव्हीवर साडेसात टनांपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहनही चालवता येतं. त्या बातमीचं कात्रण काकांनी जपून ठेवलं होतं. पण या बसचं एकूण मंजूर वजन आरसीवर १६,२०० किलो. दुपटीहून जास्त. म्हणजे एकसष्टीत हेवीचं ट्रेनिंग आणि टेस्ट, नाहीतर कायमचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हटल्यावर काकूंनी विचारलं, "तो झोपणार कुठे?" गाडीत बेड एकच होता.

मिस्त्रीजी

कागद एवढे वाईट असताना गाडी पुढे बघायची तरी कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो. काका ऐकेनात. "कागदाचं होईल रे काही तरी, गाडी कशी आहे ते तरी बघू." मन बसलं की माणूस असंच बोलतो, आणि लाख रुपये अडकलेले होते. मग मी मिस्त्रीजींना गाठलं. नागपूरला हिंगण्याजवळ एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. दापोडी, चिकलठाणा आणि ही, अशा राज्यात तीनच. तिथे मिस्त्रीजींनी उभी हयात चेसिसवर बॉडी चढवण्यात घालवली. आता घरीच असतात. बोलावलं तर येतात, पैसे घेतात आणि जे असेल ते तोंडावर सांगतात.

त्यांची एकच अट : "मी यायच्या आधी इंजन चालू करायचं नाही." सकाळी सहाला पोचलो. मिस्त्रीजींनी मागचं झाकण उघडलं, काही न बोलता तळहात इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवला आणि काढला.

"गरम आहे ना जी. कोनं चालू केलं?"

दलाल म्हणाला, थोडी जागा बदलायची होती. मिस्त्रीजींनी हात पुसले. "मंग आपण उद्या येऊ." आणि खरंच निघाले. काका हिरमुसले. गाडीत बसल्यावर मिस्त्रीजी म्हणाले, "थंड इंजन खरं बोलते. गरम केलं की तेही दलालासारखं गोड बोलते."

दुसऱ्या दिवशी थंड मिळालं. सेल्फ लांब मारावा लागला, पांढरा धूर बराच वेळ गेला. ऑइलचं झाकण काढल्यावर भोकातून फस् फस् वाफ, म्हणजे कम्प्रेशन खाली गळतंय. ब्रेकची हवा आठ बारपर्यंत चढायला वेळ लागला. इंजिन बंद करून आम्ही दहा मिनिटं नुसते काट्याकडे बघत बसलो. काटा पाचावर आला. एअर ब्रेकच्या गाडीत हवा गळते म्हणजे पाइप, चेंबर, व्हॉल्व्ह यांतलं काही तरी सुकलंय. "उभी राहून राहून रबर मरते बाप्पा. चालली नाही म्हणून नवी, असं गाडीचं नसते."

टायरचंही तेच. नक्षी अशी की वाटावं कालच बसवले. मिस्त्रीजी गुडघ्यावर बसले, बाजूची धूळ अंगठ्याने पुसली आणि मला चार आकडे वाचायला लावले. १४१६. म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा. सहापैकी चार टायर त्याच आठवड्याचे. कडेला केसासारख्या बारीक चिरा. समृद्धीच्या सिमेंटवर, भर उन्हात, ताशी ८० ने हे टायर घेऊन जायचं होतं.

मग ते गाडीखाली गेले. लांब स्क्रूड्रायव्हरने चेसिसला टकटक करत पुढून मागे सरकले. पुढे आवाज टणक. बाथरूमच्या खाली आल्यावर आवाज बदलला, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक आडव्या अँगलमध्ये घुसलं. वरून पाणी झिरपून झिरपून लोखंडाचा पापुद्रा झाला होता. बाहेर आले तेव्हा तळहातावर गंजाची ती पापडी होती. ती त्यांनी काकांच्या हातात दिली.

धरमकाटा

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा तासभर म्हणजे वाडीच्या धरमकाट्यावरचा. एवढे लाख देणारी माणसं दोनतीनशे रुपये देऊन गाडी काट्यावर का चढवत नाहीत, मला कळत नाही.

साधं एकूण वजन करून भागत नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या धुरीचं, म्हणजे मागच्या ॲक्सलवरचं, वजन मिळतं. टाक्या रिकाम्या होत्या तेव्हा पावती अशी आली : पुढे ४,१६०, एकूण १४,६४०. काका खूश. "१६,२०० च्या आत आहे बघ!"

काकूंनी पावती घेतली, मागे वजाबाकी केली. मागची धुरी १०,४८०. त्या बसच्या मंजूर वजनाची वाटणी पुढे ६,००० आणि मागे १०,२००. म्हणजे एकूण आकडा आत आणि मागची धुरी बाहेर. पुढे मात्र जवळजवळ दोन टनांची जागा मोकळी. कारण उघड होतं. जनरेटर मागच्या चाकांच्याही मागे, बाथरूम मागे, पाण्याची ६०० लिटरची टाकी मागे, ग्रॅनाइटही मागच्या अर्ध्यात. सेटवर उभ्या राहणाऱ्या गाडीला याने काही होत नाही.

"आता टाकी भरा," मी म्हणालो. दलाल वैतागला, पण यार्डात टँकर उभाच होता. पाणी भरेपर्यंत काकूंनी टेपने अंतरं मोजून घेतली. दोन धुऱ्यांमध्ये ५.६ मीटर, मागच्या धुरीपासून टाकीचा मध्य २ मीटर मागे. मग त्या काट्याच्या केबिनपाशी सावलीत उभ्या राहून, शाळेत शिकवतात तो तरफेचा नियम मांडू लागल्या. ६०० गुणिले २, भागिले ५.६, म्हणजे २१४. "पुढचं वजन २१४ ने कमी होईल आणि मागे ८१४ वाढतील," त्यांनी आधीच सांगून टाकलं. पाणी ६०० किलो भरलं, पण मागच्या धुरीवर ८१४ पडलं.

दुसरी पावती : पुढे ३,९५०, एकूण १५,२४०. मागे ११,२९०. काट्यावरच्या पोराने काकूंकडे असं पाहिलं की जणू त्यांनी हात बघून भविष्य सांगितलं.

अजून डिझेल पूर्ण भरलेलं नव्हतं, माणसं बसलेली नव्हती, भांडी-कपडे नव्हते. मागची धुरी मंजुरीपेक्षा टनभर जास्त आणि पुढची चाकं हलकी. अशी गाडी पावसात ब्रेक मारल्यावर स्टिअरिंगचं ऐकत नाही. मिस्त्रीजींनी एवढंच म्हटलं, "पुढून उडते मंग." स्प्रिंगचे पाटे बदलून हे सुटत नाही. जनरेटर आणि टाकी पुढे आणायची तर अर्धं घर तोडावं लागतं.

ऊन

यार्डात शिरल्याबरोबर जो गारवा लागला होता त्याचाही हिशेब केला. सौदा नागपूरचा आहे, आणि इथल्या उन्हाळ्यात उभी गाडी म्हणजे तंदूर. २०२४ च्या मेअखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा देशभर बोंब झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. नागपूरकरांना मात्र त्या आकड्याचं फार आश्चर्य वाटलं नव्हतं.

बसमध्ये दीड टनाचे दोन एसी. दोघे मिळून तीन किलोवॉटच्या आसपास खातात. बॅटऱ्या १२ व्होल्टच्या, १५० अँपिअर-अवरच्या चार. कागदावर ७.२ युनिट. पण शिशाच्या बॅटऱ्या अर्ध्याखाली नेल्या की लवकर मरतात, म्हणजे वापरायला साडेतीन युनिट. एसी तासभर चालेल, पुढे जनरेटर. रात्रभराला १६ ते २० लिटर डिझेल, शिवाय तो घरघराट. पेंचला सिल्लारी गेटजवळ किंवा एखाद्या देवस्थानच्या आवारात रात्री दोन वाजता जनरेटर लावून बघा, लोक काठ्या घेऊन येतील.

दुपारी दोनला मी बस उन्हात उभी करून, दोन्ही एसी लावून, काकूंच्या स्वयंपाकघरातला थर्मामीटर आत ठेवला. चारला ३४ अंश. छताचं एक पॅनेल ढिलं होतं, त्यातून बोट घातलं तर आत बोटाएवढाही थर नव्हता. नुसता थर्मोकोल, तोही मधेमधे. पहिल्या दिवशीचा गारवा कसा आला, ते यार्डातल्या चहावाल्याने सांगितलं : आम्ही येणार म्हणून जनरेटर सकाळी सातपासून सुरू होता.

छत गळतं का, ते वॉशिंग सेंटरला वीस मिनिटं पाइप मारून पाहिलं. गळत होतं. कपाटाच्या कोपऱ्यातलं प्लायवूड फुगलेलं. याबद्दल जास्त लिहीत नाही. अकरा वर्षांच्या बसचं छत गळणारच, ते दुरुस्तही होतं.

दार

आता जे सांगतो ते मी मुद्दाम शेवटी काढलं नव्हतं. ते काकूंनी काढलं.

ओट्याखाली घरगुती सिलिंडर होता, बंद कपाटात, खाली जाळी नाही, भोक नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. बसमध्ये जमिनीलगत बॅटऱ्याही असतात. मी हे सांगत असताना काकू भिंती चाचपत होत्या. ३५ सीटच्या बसला संकटकाळी बाहेर पडायची दारं-खिडक्या असतात. इथे त्या जागी आतून प्लाय ठोकून वर वॉलपेपर चिकटवला होता. एका खिडकीवर टीव्ही. मागच्या काचेवर बेडचं डोकं. ये-जा करायला दार एकच, डावीकडचं.

"हे दार खाली गेलं तर?" काकूंनी विचारलं.

कोणी काही बोललं नाही. नागपूरच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. ३० जून २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस मध्यरात्रीनंतर समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ उलटली, दाराच्या बाजूने आडवी पडली आणि पेटली. २५ माणसं गेली. वाचले ते काच फोडून बाहेर आलेले.

काकू खाली उतरल्या. चपला घालता घालता काकांना म्हणाल्या, "मी यात झोपणार नाही." तीन आठवड्यांच्या तपासण्या, पावत्या, फॉर्म यांनी जे झालं नव्हतं ते तिथे झालं.

पैसे

दलालाने ३२ चे २८ केले, मग २४. काकांचं मन पुन्हा डळमळलं, कारण आठ लाख वाचले असं वाटतं. वाचले काहीच नव्हते. माझ्या अंदाजाने अकरा वर्षांच्या, फिटनेस संपलेल्या त्या बसची किंमत सहासात लाख. आतल्या सोफ्या-टीव्हीवर आधीच्या मालकाने काही का खर्च केला असेना, त्याचे पैसे दुसऱ्याने भरून द्यायचे नसतात. वर टायर, बॅटऱ्या, इंजिनाचं काम, चेसिसचे अँगल, छत. आणि एवढं करूनही आरसीवर ३५ सीट त्या ३५ च.

बयाण्याच्या पावतीवर दलालाने हाताने लिहिलं होतं : 'सौदा मोडल्यास परत मिळणार नाही.' काकांनी सही केलेली. सुटका झाली ती एका व्हॉट्सॲप मेसेजमुळे. पैसे देण्याच्या आदल्या दिवशी काकांनी विचारलं होतं, कागद कसे आहेत, आणि दलालाने उत्तर दिलं होतं, 'कागद एकदम क्लिअर, लोन नाही, फिटनेस चालू, फक्त नावावर करायचं.' तीन दावे, तिन्ही खोटे, लेखी. ओळखीच्या वकिलांनी पोर्टलवरची नोंद आणि हा मेसेज जोडून नोटीस पाठवली. दोन महिने हो-नाही चाललं, शेवटी ६० हजार परत आले. उरलेल्या ४० साठी कोर्टात जायचं काकांनी टाळलं. मी असतो तर गेलो असतो, पण पैसे त्यांचे.

मिस्त्रीजींनी तीन दिवसांचे मिळून पाच हजार घेतले.

जे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं ते काकांनी सगळ्यात शेवटी केलं. सप्टेंबरात चार दिवसांसाठी एक छोटी कॅम्पर भाड्याने घेतली आणि चिखलदऱ्याला गेले. तेव्हा तीन गोष्टी कळल्या. गाडीत फोडणी द्यायची नाही, कारण वास दोन दिवस गादीतून जात नाही. स्वयंपाक बाहेर, टेबल टाकून. घाटाच्या वळणावर रिव्हर्स घेताना काकांचे हात थरथरतात, त्यामुळे ११ मीटर सोडा, सात मीटरसुद्धा जास्त. आणि बाथरूम दोघांना हवंच, पण काचेचं नको. जानेवारीत त्यांनी प्रवासी व्हॅनवर बांधलेली, सहा मीटरच्या आतली जुनी गाडी घेतली. पाटी पांढरी. आरसीवर बॉडीचा प्रकार कॅम्पर व्हॅन. एसी एकच आहे आणि एप्रिल-मेमध्ये ती घराच्या पोर्चमध्येच उभी राहते, हे दोघांनी मान्य करून टाकलंय. घेण्याआधी वाडीच्या काट्यावर नेली होती. केबिनमधल्या पोराने काकूंना ओळखलं आणि पावती देण्याआधी विचारलं, "मॅडम, किती येईल सांगा."

ती मोठी बस मला मधल्या काळात पुन्हा दिसली. तुळशीचं लग्न झालं की वर्धा रोडवरची लॉनं सुरू होतात. एका लग्नाला गेलो होतो. मंडपामागे, केटररच्या तंबूला लागून, तीच पांढरी बस काळ्या काचांसह उभी. जनरेटरची घरघर सुरू. दार सुस्कारा टाकून उघडलं, आतून गार हवेचा झोत आला आणि शालू सावरत नवरी उतरली, मागून मेकअपवाली हातात पिनांचा डबा घेऊन. मी मागे जाऊन पाहिलं. पाटी अजून पिवळीच होती. मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावून बस पक्की उभी केली होती.